आज पोटासाठी काय करता, आणि पुढे काय करायचंय?

शिसपेन्सिल

वय २६. विमा कंपनीत दाव्यांच्या विभागात आहे. रुग्णालयाची बिलं, डिस्चार्ज कार्ड आणि तपासण्यांचे अहवाल एकमेकांशी ताडून पाहायचे, पॉलिसीच्या अटी लावायच्या आणि दावा पुढे पाठवायचा की आणखी कागद मागवायचे ते ठरवायचं. दिवसाला पन्नास-साठ फायली हातावेगळ्या होतात. पदवी गणिताची. नोकरी धरताना 'सध्यापुरती' असं मनाशी म्हटलं होतं. त्याला आता चार वर्षं होतील.

परवा नवीन रुजू झालेल्या मुलीने जेवणाच्या सुट्टीत विचारलं, "तुला पुढे काय करायचंय?" मी जे उत्तर दिलं ते चार वर्षांपूर्वीचंच होतं, अगदी शब्दही तेच. मधल्या काळात मी त्या उत्तराला हातसुद्धा लावला नव्हता. तेव्हापासून ते डोक्यातून जात नाहीये, म्हणून हा धागा काढला.

विशी-तिशीतल्या सगळ्यांना विचारते. हुद्दा सांगू नका, दिवसभर प्रत्यक्ष काय करता ते सांगा. पाच-दहा वर्षांनी काय करत असावंसं वाटतं? आणि मध्ये काय अडतंय?

माझं आधी सांगते. मला ॲक्च्युअरी व्हायचंय, म्हणजे विम्यातली जोखीम गणिताने मोजणारी. एक फाइल म्हणजे एका माणसाचं दुखणं असतं, पण हजारो फायली डोळ्यांखालून गेल्या की त्यांना एक आकार दिसायला लागतो. कोणत्या वयात काय मोडतं, कोणतं दुखणं दोन वर्षांनी परत येतं. धूमकेतूवाल्या एडमंड हॅलेने १६९३ साली ब्रेस्लाउ शहरातल्या जन्म-मृत्यूंच्या नोंदींवरून आयुर्मानाचा तक्ता मांडला होता आणि कोणत्या वयाच्या माणसाला वार्षिकी (एकदा पैसे भरून दरवर्षी मिळणारी रक्कम) किती किमतीला द्यावी ते त्यावरून काढलं होतं. आकाशात बघणाऱ्या माणसाला शहराच्या नोंदवहीतही तीच शिस्त दिसावी, हे मला फार आवडतं. अडतंय ते असं की या परीक्षा एकामागून एक अनेक वर्षं चालतात, त्याही नोकरी सांभाळून. पहिल्या पेपरचा अर्ज मी दोनदा भरला आणि दोन्ही वेळा बसले नाही.

रात्रपाळी

छान धागा. वय २४, कॉल सेंटर. रात्री दहा ते सकाळी सात हेडसेट लावून दूर देशातल्या लोकांचे इंटरनेटचे प्रश्न सोडवतो. एक कॉल किती मिनिटांत संपला ते मोजतात, दोन कॉलमध्ये किती सेकंद घेतले ते मोजतात, मधूनच कुणीतरी वरिष्ठ न सांगता ऐकत असतो. दिवसा झोप पुरती होतच नाही. खोली कितीही अंधारी केली तरी पाच तासांत डोळा उघडतो.

मी लहानपणी खूप अडखळत बोलायचो. 'प' आणि 'क' वर गाडी थांबायची ती सुटायचीच नाही. वर्गात हजेरीला 'उपस्थित' म्हणायची पाळी जवळ यायला लागली की पोटात गोळा यायचा. एका वाचा-उपचार करणाऱ्या बाईंनी दोन वर्षं माझ्यावर मेहनत घेतली. आज मी बोलण्याचेच पैसे मिळवतो. मला त्या बाईंचं काम करायचंय. साधारण शंभरातली पाच मुलं लहानपणी कधीतरी अडखळतात, बहुतेकांचं आपोआप सुटतं, मोठेपणी शंभरात एकाच्या आसपास उरतात. त्या एकासाठी मला तिथे असायचंय.

अडचण ही की माझी पदवी वाणिज्याची. त्या अभ्यासक्रमाला विज्ञान लागतं, नंतर देखरेखीखाली रुग्ण हाताळण्याचे शेकडो तास भरावे लागतात. म्हणजे पुन्हा पहिल्यापासून. घरी माझ्या पगाराशिवाय चालत नाही.

तिसरा मजला

रात्रपाळी, झोपेचं मनावर घ्या. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने रात्रपाळीचं काम 'बहुधा कर्करोगकारक' गटात टाकलंय, २००७ मध्ये आणि पुन्हा २०१९ मध्ये. घाबरवायला सांगत नाही. 'अजून पाच वर्षं असंच काढू' असा हिशेब करताना हेही त्यात धरा, एवढंच.

मी अतिदक्षता विभागात नर्स आहे, वय २७. व्हेंटिलेटरवरच्या रुग्णाला दर दोन तासांनी कूस बदलून द्यायची, नळ्या तपासायच्या, लघवी तासातासाला मोजून लिहायची, पाळी बदलताना सगळं पुढच्या बाईच्या हवाली करायचं. घरी गेल्यावरही कानात मॉनिटरचा आवाज चालू असतो. 'बर्नआउट' हा शब्द लोक सरसकट वापरतात, पण २०१९ मध्ये मान्य झालेल्या आंतरराष्ट्रीय रोगवर्गीकरणात त्याची तीन लक्षणं नीट दिली आहेत: पार थकून जाणं, कामाबद्दल मनात दुरावा किंवा कडवटपणा येणं, आणि आपल्या हातून काही नीट होत नाही असं वाटणं. तिथे तो आजार म्हणून नोंदलेला नाही, कामाच्या संदर्भातली घटना म्हणून नोंदलाय. मला पहिलं लक्षण गेलं वर्षभर आहे. दुसरं यायच्या आत जागा बदलायची आहे.

मला उपशामक सेवेत जायचंय. जे बरे होणार नाहीत त्यांच्या वेदना कमी करण्याचं काम. माझ्या विभागात माणूस जातो तेव्हा त्याच्या अंगात सहा नळ्या असतात आणि घरचे दाराबाहेर असतात. दरवेळी तसंच व्हायला हवं असं नाही.

रात्रपाळी, तुम्ही 'पहिल्यापासून' म्हणालात म्हणून सिसिली साँडर्स यांच्याबद्दल लिहिते. जन्म १९१८. नर्स झाल्या, पाठीच्या दुखण्यामुळे ते काम सुटलं. मग रुग्णालयात समाजसेविका झाल्या. मरणाऱ्या माणसांच्या वेदनांवर काही करायचं तर डॉक्टर व्हायला हवं हे लक्षात आल्यावर वैद्यक शिकल्या आणि १९५७ मध्ये डॉक्टर झाल्या. तेव्हा चाळिशी जवळ आली होती. १९६७ मध्ये लंडनला सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस, म्हणजे शेवटच्या दिवसांतल्या रुग्णांसाठीचं सेवाघर, सुरू केलं आणि आधुनिक हॉस्पिसची चळवळ तिथून पसरली. नर्स म्हणून आणि समाजसेविका म्हणून जे पाहिलं होतं तेच त्यांना पुढे उपयोगी पडलं. मागची वर्षं वजा झाली नाहीत.

रात्रपाळी

हे माहीत नव्हतं. धन्यवाद ताई. दोनदा वाचलं.

ठिणगी

वय २९. वेल्डर. पाइपलाइन आणि प्रेशर व्हेसलची (दाबाखालच्या टाक्यांची) कामं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: पाइप पंचेचाळीस अंशांत तिरका बांधलेला असतो, तो फिरवता येत नाही, आपणच त्याच्याभोवती वाकून, आडवं होऊन, उलट्या हाताने पूर्ण जोड भरायचा. ती चाचणी पास झालो तेव्हा मी २२ वर्षांचा होतो. त्या दिवसाइतका आनंद मला अजून कशाचा झालेला नाही.

काम मला आवडतं. हे ठासून सांगतो, कारण हाताने काम करणारा माणूस नाइलाजानेच ते करतो असं लोक धरून चालतात. चांगला जोड घातला की त्यावरची लहर अशी दिसते की बघत राहावं. पण शरीराचं गणित वेगळं आहे. वेल्डिंगचा धूर २०१७ पासून कर्करोगकारकांच्या पहिल्याच, म्हणजे 'निश्चित' गटात आहे. माझ्याबरोबर काम करणाऱ्या पन्नाशीच्या माणसाची मान आता वळत नाही. म्हणून मला तपासणीकडे जायचंय, नॉन-डिस्ट्रक्टिव्ह टेस्टिंग. जोड न तोडता त्याच्या पोटात काय आहे ते ओळखायचं. रंगद्रव्य लावून भेगा बघणं, चुंबकीय कणांनी बघणं, रेडिओग्राफी म्हणजे क्ष-किरणांसारख्या किरणांनी, अल्ट्रासॉनिक म्हणजे आत ध्वनिलहरी सोडून त्यांच्या प्रतिध्वनीवरून. तीन पातळ्या असतात. मी पहिली केली, अल्ट्रासॉनिकच्या दुसरीची तयारी चालू आहे.

अडतंय काय? गणित. ध्वनीचा वेग, किरणाचा कोन, अर्धं अंतर, पूर्ण अंतर. शाळेत त्रिकोणमिती आली तेव्हा मी मागच्या बाकावर होतो. आता रात्री जेवण झाल्यावर साइन आणि टॅन घेऊन बसतो.

शिसपेन्सिल

ठिणगी, त्रिकोणमितीत कुठेही अडलात तर इथे प्रश्न टाका. मला ते समजावायला खरंच आवडेल.

कोरं पान

लिहू की नको असं करत होते. वय २५, साहित्यात पदव्युत्तर. चौदा महिने काम नाही. आधी प्रकाशनगृहात मुद्रितशोधन करत होते, ते बंद पडलं. तुमच्या पहिल्याच प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नाही, 'दिवसभर काय करता' याला. अर्ज करते. सुरुवातीला मोजत होते, आता नाही.

सगळ्यांत वाईट म्हणजे मी आता ओळखीच्या लोकांना टाळते. कुणी भेटलं की विचारणारच.

चाळिशीपार

माझं वय धाग्याच्या अटीत बसत नाही, तरी कोरं पान यांच्यासाठी लिहिते.

आधी हे की तुम्ही एकट्या नाही. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या हिशेबाने २०२३ मध्ये जगात १५ ते २४ वयाचे ६ कोटी ४९ लाख तरुण बेकार होते, म्हणजे त्या वयाच्या श्रमशक्तीतले १३ टक्के. आणि हा आकडा गेल्या पंधरा वर्षांतला सर्वांत कमी होता! शिवाय बेकार कुणाला म्हणायचं याची व्याख्या कडक आहे: काम नाही, काम शोधतोय, आणि मिळालं तर लगेच करायला मोकळा आहे. आठवड्यात एक तास जरी मोबदल्याचं काम केलं तरी तो माणूस रोजगारात मोजला जातो. शिक्षणातही नाहीत, कामातही नाहीत आणि प्रशिक्षणातही नाहीत असे तरुण त्या वर्षी पाचात एक होते, आणि त्यांतल्या दर तिघांपैकी दोन मुली. तेव्हा चौदा महिने रिकामे गेले याचा अर्थ लगेच 'माझ्यातच खोट आहे' असा लावू नका.

आता ओळखीच्या लोकांना टाळण्याबद्दल. हे थांबवा, अगदी आजपासून. मार्क ग्रॅनोव्हेटर नावाच्या समाजशास्त्रज्ञाने १९७३ मध्ये यावर एक प्रसिद्ध निबंध लिहिला. नुकतीच नोकरी बदललेल्या माणसांना त्याने विचारलं की ज्या ओळखीतून काम कळलं त्या व्यक्तीला तेव्हा किती वेळा भेटत होतात? वारंवार भेटणारे १६.७ टक्के. अधूनमधून भेटणारे ५५.६ टक्के. क्वचितच भेटणारे २७.८ टक्के. नमुना छोटा होता, पण २०२२ मध्ये लिंक्डइनच्या दोन कोटी सदस्यांवर पाच वर्षं केलेल्या प्रयोगांतूनही कल तोच दिसला, की घट्ट ओळखींपेक्षा थोड्या सैल ओळखींतून नोकरी जास्त मिळते. कारण सरळ आहे. जिवलग माणसांना जे माहीत असतं ते आपल्यालाही माहीत असतंच. नवी बातमी दूरच्या माणसाकडे असते. जुन्या वर्गातली, जुन्या कचेरीतली, कधीतरी एकाच कामात भेटलेली माणसं. त्यांना काम मागू नका. त्यांच्या कामाविषयी पंधरा मिनिटं विचारा.

कोरं पान

काम न मागता काय विचारायचं, ते सांगाल का? मला खरंच सुचत नाही.

चाळिशीपार

"गेल्या मंगळवारी सकाळपासून संध्याकाळपर्यंत काय काय केलंत?" एवढंच विचारा. मी रसायनशास्त्रज्ञ म्हणून सुरुवात केली, आता पेटंटचे मसुदे तपासते. हा बदल मी एका बाईंच्या मंगळवारामुळे केला. त्यांनी सांगितलं, सकाळी एका संशोधकाशी बोलून त्याने नेमकं नवीन काय केलंय ते समजून घेतलं, दुपारभर जुनी पेटंटं वाचली, संध्याकाळी एका वाक्यातला एक शब्द बदलायचा की नाही यावर दीड तास घातला. ऐकताना मला वाटलं, हा दिवस मला हवाय. पेटंटचं क्षेत्र म्हणून कुणी सांगितलं असतं तर मी वळूनही पाहिलं नसतं.

हुद्दे ऐकून निवड करू नका. हुद्दा वर्षातून दोन-तीनदा मिरवायला मिळतो, मंगळवार दर आठवड्याला येतो.

सात ते तीन

मी पाणी शुद्धीकरण केंद्रात आहे, वय २८. सकाळी पाण्याचा नमुना घेतो, गढूळपणा मोजतो. पाऊस झाला की जार टेस्ट: सहा चंचुपात्रांत तेच पाणी, प्रत्येकात तुरटीची मात्रा वेगळी. आधी जोरात ढवळायचं, मग सावकाश, मग थांबून बघत राहायचं की कोणत्या पात्रात गाळाचे पुंजके लवकर आणि स्वच्छ खाली बसतात. त्या दिवशी सबंध केंद्राची मात्रा त्यावर ठरते. मग क्लोरीन. शेवटच्या नळापर्यंत लिटरमागे निदान ०.२ मिलिग्रॅम उरलं पाहिजे.

पाच-दहा वर्षांनी मला हेच करायचंय. तीनला सुटतो, मुलीला शाळेतून आणतो, संध्याकाळी बासरी वाजवतो. आठ तासांचा दिवस हा आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या १९१९ च्या पहिल्याच करारातला विषय होता, लोकांनी त्याच्यासाठी लढे दिलेत. तो मला मिळतोय. मला आणखी वर चढायचं नाही आणि त्याची मला लाजही नाही. पण असं म्हटलं की लोक गप्प होतात, जणू मी काहीतरी लपवतोय.

उपशीर्षक

सात ते तीन, तुमचा प्रतिसाद वाचून बरं वाटलं, पण एक शंका मनापासून विचारते. तुम्ही समाधानी आहात कारण तुमचं काम उद्याही असणार आहे. पाणी लागतंच. माझंही काम मला असंच आवडतं, फक्त ते माझ्या हातून चाललंय.

मी ३१ वर्षांची आहे, चित्रपट-मालिकांची उपशीर्षकं भाषांतरित करते. दोन ओळी, लॅटिन लिपीत एका ओळीत साधारण बेचाळीस अक्षरं, आणि वाचणाऱ्याला पुरेल इतका वेळ. पात्र दहा शब्द बोलतं, मला सहात बसवायचं असतं, आणि विनोद पडद्यावरच्या हशाच्या आधी फुटता कामा नये. दोन वर्षांपूर्वीपर्यंत पूर्ण भाषांतर यायचं. आता यंत्राने केलेलं येतं, 'फक्त नजर घाला' म्हणून, निम्म्याहून कमी मोबदल्यात. नजर घालायला कधीकधी नव्याने करण्यापेक्षा जास्त वेळ लागतो, कारण यंत्राचं वाक्य दिसायला गुळगुळीत असतं आणि चूक आत दडलेली असते.

मला तोंडी दुभाषी व्हायचंय. न्यायालयं, रुग्णालयं, परिषदा. समोर माणूस आहे, त्याची भीती आवाजात आहे, ती पोचवायची आहे. एका वेळी ऐकणं आणि बोलणं ही पद्धत मोठ्या प्रमाणावर पहिल्यांदा १९४५ च्या न्यूरेंबर्ग खटल्यात वापरली गेली. आजही परिषदेत दुभाषी वीस-तीस मिनिटांनी आळीपाळीने बसतात, त्यापुढे मेंदू चालतच नाही. मी रोज अर्धा तास बातम्या लावून सराव करते. अजून चार मिनिटांच्या पुढे टिकत नाही.

सात ते तीन

तुमची शंका बरोबर आहे. माझ्या समाधानात नशिबाचा भाग मोठा आहे. मी ते धरलं नव्हतं.

शिसपेन्सिल

हे निघालंच आहे तर विचारते. यंत्रं आपली कामं घेणार या भीतीने किती जण बेत बदलताय? आमच्याकडे सोपे दावे आता संगणकच निकाली काढतो. नवीन मुलीला शिकायला सोप्या फायलीच उरल्या नाहीत, पहिल्या दिवसापासून अवघड आणि वादाच्या. मी शिकले ती सोप्या हजार फायली करून. ती कशावर शिकणार?

चाळिशीपार

भाकितांवर बेत उभे करू नका असं मी म्हणेन. ऑक्सफर्डच्या फ्रे आणि ऑसबोर्न यांनी २०१३ मध्ये म्हटलं की अमेरिकेतले ४७ टक्के रोजगार स्वयंचलनाच्या मोठ्या धोक्यात आहेत. २०१६ मध्ये ओईसीडी या प्रामुख्याने विकसित देशांच्या आर्थिक संघटनेच्या अभ्यासात तोच प्रश्न घेतला, पण अख्खा व्यवसाय न धरता त्यातली वेगवेगळी कामं धरली, तर एकवीस देशांत मिळून ९ टक्के निघाले. त्याच वर्षी जेफ्री हिंटन म्हणाले होते की नवे रेडिओलॉजिस्ट (एक्स-रे, स्कॅन वाचणारे डॉक्टर) घडवणं आता थांबवावं, पाच वर्षांत यंत्र त्यांच्याहून सरस होईल. रेडिओलॉजिस्ट आजही हवेच आहेत. यंत्रांना शिकवण्याच्या शास्त्रात ज्याचा हात कुणी धरणार नाही अशा माणसाचाही अंदाज असा चुकतो.

मात्र तुमचा शेवटचा प्रश्न मला खरा वाटतो आणि त्याचं उत्तर माझ्याकडे नाही. पायरीच काढून टाकली तर माणूस वर कसा येणार? आमच्याकडे यंदा दोन शिकाऊ घेतले. मी मुद्दाम त्यांना आधी स्वतः मसुदा लिहायला लावते, मग यंत्राचा दाखवते. वेळ जातो, वरून विचारणा होते. तरी करते.

ठिणगी

आमच्या कामात हे जुनं आहे. स्वयंचलित वेल्डिंग कधीच आलंय, लांब सरळ जोड तेच भरतं. माणसाकडे उरतात अडचणीच्या जागा. आणि नवख्याला सरळ जोडच आधी मिळायला हवेत. माझ्या उस्तादांनी मला सहा महिने भंगार पट्ट्यांवर नुसत्या रेघा ओढायला लावल्या होत्या. कामाचं एक इंच त्यात नव्हतं, कंपनीला त्याचा फायदा शून्य. पण त्यांनी ते सोडलं नाही. शिसपेन्सिल, त्या नवीन मुलीला जुन्या मिटलेल्या फायली देता येतील का? निकाल झाकून ठेवायचा, तिला ठरवू द्यायचं, मग निकाल दाखवायचा.

शिसपेन्सिल

हे मला सुचलंच नव्हतं. आजच विचारते साहेबांना.

कोरं पान

चाळिशीपार ताई, मी चार जणांना मंगळवार विचारला. एक जुनी वर्गमैत्रीण, जिच्याशी सहा वर्षं बोलणं नव्हतं, ती औषध कंपनीत रुग्णांसाठीची माहितीपत्रकं लिहिते. गोळीच्या खोक्यात घडी घालून येतात ती. तिचा मंगळवार म्हणजे डॉक्टरांनी लिहिलेलं एक वाक्य आजारी माणसाला घाबरवल्याशिवाय कळेल असं करणं. मग ती छपाई खऱ्या लोकांपुढे ठेवून विचारतात, की मात्रा चुकली तर काय करायचं ते यात कुठे लिहिलंय, दाखवा. सापडलं नाही तर पुन्हा लिहायचं. असं काही काम असतं हेच मला ठाऊक नव्हतं. मला ते आवडलं. तिच्याकडे सध्या जागा नाही. तिने सरावासाठी एक जुनं पत्रक दिलंय, मी ते तीनदा लिहून झालं.

एक विचारायचं राहिलं. पहिली काही वर्षं अशी वाया गेली की ती पुढे भरून निघतात का? हा प्रश्न रात्री फार छळतो.

चाळिशीपार

थोडी झळ बसते, ते लपवणार नाही. मंदीत पदवी घेतलेल्या कॅनडातल्या तरुणांचा दीर्घ अभ्यास झालाय. सुरुवातीची कमाई इतरांपेक्षा साधारण ९ टक्क्यांनी कमी, पाच वर्षांत तो फरक निम्मा, आणि दहा वर्षांच्या आसपास तो मिटतो. महत्त्वाचं असं की जे सावरले त्यांतले बरेच जण हळूहळू जास्त चांगल्या मालकांकडे सरकत गेले. मिळालेल्या पहिल्या जागी कायमचे बसून राहिले नाहीत. म्हणजे पहिलं काम मनासारखं नसलं तरी घ्या, पण घेतानाच मनात ठेवा की इथून पुढे सरकायचंय.

आणखी एक. २०१३ मध्ये 'सायन्स' मासिकात एक अभ्यास आला होता, १८ ते ६८ वयाच्या १९ हजारांहून जास्त लोकांवर. प्रत्येक वयाचा माणूस म्हणतो, गेल्या दहा वर्षांत मी खूप बदललो. आणि प्रत्येक वयाचा माणूस म्हणतो, पुढच्या दहा वर्षांत फारसा बदलणार नाही. आपण सगळे यात फसतो. तुमच्या पस्तिशीतल्या बाईला काय आवडेल ते तुम्हाला आज पूर्ण ठाऊक नसणार. तिच्यासाठी दोन-तीन दारं उघडी राहतील एवढं बघा.

तिसरा मजला

मला उपशामक विभागात बदली मिळाली, तीन महिन्यांपुरती. काल पहिला दिवस होता. एका आजोबांना खिडकीजवळ पलंग हवा होता, तो हलवला, बस. सविस्तर नंतर लिहीन.

रात्रपाळी

अभिनंदन ताई! माझं सांगतो. नोकरी सोडलेली नाही, पण दुपारची पाळी मागून घेतली. रात्रपाळीचा भत्ता गेला, घरी त्यावरून बोलणी झाली, मग बहिणीने तिच्या शिकवण्यांतून थोडा भार उचलला. विज्ञानाचे राहिलेले विषय बाहेरून द्यायला अर्ज केलाय. आणि शनिवारी त्या बाईंच्या दवाखान्यात बसतो, त्यांनी परवानगी दिली. एक सात वर्षांचा मुलगा येतो. त्याला सांगितलं की मीही असाच अडखळायचो. त्याने माझ्याकडे इतका वेळ पाहिलं, मग म्हणाला, "क-क-कधी थांबलं?" मी खरं ते सांगितलं, की पूर्ण थांबलेलं नाही, फोनवर अजूनही कधीकधी 'प' अडतो. तो हसला.

उपशीर्षक

हे वाचून डोळ्यांत पाणी आलं. माझे चार मिनिटांवरून अकरा झालेत.

शिसपेन्सिल

नवीन मुलीला झाकलेल्या फायली देणं सुरू केलंय. साहेबांनी आठवड्याला दोन तास मान्य केले. पहिल्या वीसपैकी अकरा बरोबर आल्या. चुकलेल्यांपैकी तीन फायलींत तिचंच म्हणणं मला जास्त पटलं, त्या मी वर पाठवल्यात.

आणि मी पेपरला बसले. पहाटे साडेपाच ते सात असा अभ्यास केला, संध्याकाळी होत नाही हे आता मान्य केलंय. निकाल यायचाय. शेवटचा प्रश्न संभाव्यतेवरचा होता आणि तो सुटला नाही, अजून डोक्यात आहे.

ठिणगी, तुमच्या अल्ट्रासॉनिकच्या प्रात्यक्षिकाचं काय झालं?

ठिणगी

लेखी पास. तुम्ही टॅन समजावलात तो प्रश्न जसाच्या तसा आला होता. प्रात्यक्षिकात तीन तुकडे होते, प्रत्येकात मुद्दाम ठेवलेले दोष. पहिल्यात धातू नीट वितळून बसला नव्हता, तो लगेच सापडला. माझा हात तिथे कसा घसरतो ते मला माहीत आहे ना. तिसराही बरोबर. दुसऱ्यात मुळाशी असलेली भेग मी आकारामुळे येणारा प्रतिध्वनी समजून सोडून दिली. प्रत्यक्ष पाइपात ती सोडली असती तर काय झालं असतं, हे रात्रभर डोक्यात होतं. दोन महिन्यांनी पुन्हा बसणार. तोवर रोज कामावरून सुटल्यावर नमुन्याच्या ठोकळ्यावर एक तास प्रोब (ध्वनिलहरी सोडणारं टोक) फिरवतो. मुळाचा प्रतिध्वनी आणि भेगेचा प्रतिध्वनी वेगळा कसा दिसतो ते कागदावर काढून भिंतीला लावलंय. त्यातल्या एका कोनाबद्दल शंका आहे, उद्या आकृती काढून इथे टाकतो.